उद्धवरावांच्या अँबेसेडरची पुढची बाजू

मी, उज्वला उद्धव कंधारकर, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार नांदेड. अक्कल जागेवर आहे. अक्षर थरथरतंय ते औषधानं, कोणाच्या धाकानं न्हाई. पोटातला आजार आता हटत न्हाई, म्हणून हे लिहून ठेवून राहिले. यापुढं दुसरं लिहिणं होणार न्हाई, हेच शेवटचं धरावं.

१. घर माझ्या नावावर आहे. ते विकून गंधार आणि तनुजा, दोन्ही लेकरांनी निम्मंनिम्मं घ्यावं. माझे पती उद्धवराव लातूरला तनुजाकडं राहतील. बँकेतलं सगळं त्यांच्या औषधपाण्याला. ते तनुजानं बघावं, गंधार फक्त फोनवर बघतो.

२. दीर हणमंतराव यांना काही न्हाई. माझा रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी विचारलं, "वहिनी, ती गाडी भंगारात किलोवर जाती का नगावर?" तेराव्याला जेवून जावं.

३. गाडी म्हणजे शेडमधली अँबेसेडर, सासऱ्यांची. उद्धवरावांचं उजवं अंग गेलं तेव्हापासून वाचा बंद आहे. पण संध्याकाळी मी त्यांना स्टेअरिंगवर बसवते. डावा हात गिअरवर जातो आणि तोंड उघडतं. "औसा आलं. उज्वला, चहा घेऊ." अंथरुणावर एक शब्द न्हाई.

म्हणून गाडी त्यांच्यासंगं लातूरला जावी, स्वतःच्या चाकावर. पुढची चेसी डावीकडून कुजली होती. दर अमावस्येला उद्धवराव तिच्याच टोकावर नारळ फोडायचे, पाणी पोकळ लोखंडात उतरायचं. भुजंग मिस्त्रीनं पत्रा सोलला.

"बाई, देवाला दिलेलं सगळं हितंच मुरलंय. देवानं घोटभर घेतलं न्हाई."

"हळू बोल, साहेब गाडीतच बसलेत."

"मग साहेबाला सांगा, फुडल्या जन्मी शेजाऱ्याच्या गाडीवर फोडा!"

तिघंही हसलो. हाव, ते पण.

डावीकडं नवीन लोखंड जोडलं, सांध्यातले झिजलेले रबरी बुश बदलले. उजव्या चाकाचा भार पेलणारी पिळाची सळई तुटलेली आहे. डावीकडची तिथं चालत न्हाई, तिचा पीळ उलटा. हैदराबादेतही विचारून झालं. तोवर पुढची बाजू लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उभी आहे. "मिळंल," भुजंग म्हणतो, माझ्याकडं न बघता.

४. जॅक, पाने, सगळी हत्यारं भुजंगला. सळई मिळो न मिळो. गाडीवर नारळ कोणी फोडू नये. उद्धवरावांनी हट्ट केलाच तर हातात सुकं खोबरं द्यावं.

५. गंधार म्हणतो, "आई, त्या खर्चात बाबांना स्पीच थेरपी लावू." लावली होती, बाळा. तू विसरलास. तनुजा म्हणते, "बाबा तिसऱ्या मजल्यावर येतील गं, पण गाडी ठेवायला सोसायटी जागा देईना." रडत सांगितलं तिनं. तिला बोल न्हाई.

६. तरी गाडी त्यांच्याजवळच ठेवावी, ही माझी इच्छा. ती पाळली जाणार न्हाई, हे लिहितानाच कळतंय. तर एवढं तरी करा. भंगारवाला येईल त्या दिवशी उद्धवरावांना आतल्या खोलीत न्या, दार लावा, पंखा मोठा करा. ते विचारतील म्हणून न्हाई. त्यांना विचारता येणार न्हाई म्हणून.

वाचून पाहिलं, बरोबर आहे.

उज्वला उद्धव कंधारकर (सही)

बाईंनी आम्हा दोघांसमोर, आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. मडिवाळप्पा स्वामी, शेजारी, मूळ देगलूर (सही)
२. लता जोशी, शाळेतल्या सहकारी (सही)

नांदेड, १७ नोव्हेंबर २०२५