दादाची कवळी

रविवार, ता. १२

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार, भावोजींना नमस्कार, पोरांना पापा. कंबर कशी आहे? शेकतेस ना, की नुसतीच कुरकुरतेस? इथे सगळं ठीक, असं लिहून पाकीट बंद करणार होते. तसे दोन-तीन कागद लिहून फाडून झाले. फोनवर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय. आधी चांगलं सांगते. दादा धोक्याबाहेर आहे. आता ओरडू नकोस, पुढचं वाच.

भरतीच्या कागदावर सही करून तू निघालीस तेव्हा म्हणालीस, ‘तू आहेस ना तिथे, मग मला घोर नाही.’ नंतर दर फोनला मी सांगत राहिले, ‘जेवतोय गं, मी रोज बघते.’ मी बघत नव्हते. एकदासुद्धा वर गेले नाही.

मनोरुग्णांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, माझं टेबल खाली स्वयंपाकघराला लागून. कोण किती खातं, कुणाचं वजन उतरलं, हे प्रत्येक वॉर्डात फिरून बघायचं, यासाठीच तर हॉस्पिटलने मला ठेवलंय. दादा आल्यापासून त्या वॉर्डाचं काम मी फोनवर उरकायला लागले. का, ते तुला कळलं असेल. तो माझा भाऊ आहे हे मी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. सासरचं आडनाव चांगलं कामी आलं. भरतीच्या दिवशी दादालाही बजावलं होतं, ‘इथे मला ओळख दाखवू नकोस, माझी नोकरी जाईल.’

त्या वॉर्डात माणूस आला की पट्टा, वस्तरा, टोचेल-लागेल ते सगळं काढून कपाटात कुलपात ठेवतात. त्यात दादाची कवळीही गेली. ठेवणाऱ्या सिस्टरांची पाळी वेगळी, नंतरच्यांची वेगळी, कुणी कुणाला सांगितलं नाही. दादा म्हणायला लागला, ‘माझे दात चोरले.’ शेजारी भिंतीतून बोलतात म्हणून आलेला माणूस तो, कोण खरं मानणार? ताट जसंच्या तसं परत जायला लागलं, तर जेवणावर संशय घेतो म्हणून गोळ्या वाढवल्या.

एका दुपारी आम्ही डबे खात बसलो होतो. वरच्या सिस्टर सांगत होत्या, ‘नवा पेशंट काय नग आहे गं! म्हणतो, सिस्टर, तोंड उघडा, माझे दात तुमच्याकडेच असणार.’ सगळ्या खो-खो हसल्या. ताई, मीही हसले. आणि हसता हसताच मला कळलं होतं. कवळी बसवायला त्याला मीच तर नेलं होतं! ‘अगं, त्याला कवळी आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न ठरलेला, ‘तुला गं कसं माहीत?’ मी डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला उठले.

उद्या सांगू, परवा सांगू, असं चाललं. फोनवरून त्याला मऊ जेवण लावून दिलं आणि स्वतःची समजूत घातली. पण तोवर त्याने तोंडच मिटलं होतं. आपलं कुणी ऐकतच नाही म्हटल्यावर तो तरी काय करणार!

मग तो न्हाणीघरात पडला. खाली आणून सलाइन लावलं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘भरतीच्या वेळी याचं वजन किती होतं?’ केलंच नव्हतं. कुणी केलं नाही, कारण मी विचारलंच नाही. तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. म्हटलं, ‘याची कवळी वरच्या कपाटात असेल. हा माझा सख्खा भाऊ आहे.’ सिस्टर किल्ली घेऊन पळाल्या. परत आल्या त्या रडतच, ‘चूक माझी’ म्हणत. त्यांना माहीत नव्हतं, ताई. मला होतं.

आता मी रोज वर जाते. काटा घेऊन प्रत्येकाचं वजन करते, प्रत्येकाला तोंड उघडायला सांगते. एक आजी कधीच्या म्हणत होत्या, जबड्यात कुणीतरी खिळा ठोकतंय. दाढेखाली हे एवढं गळू निघालं. कुणाचे पाय सुजलेले, कुणी गोळ्यांनी भूक खवळून सुटलेलं. आपण नुसतं ‘आजारातलं बोलतात’ म्हणून मोकळे. शरमेने मेल्यासारखं होतं गं.

तू ये. रागावून ये, चार शिव्या दे, पण ये. दादाचे गाल बसलेत, कवळी सैल होते, तरी सिस्टरांच्या हातून खातो. काल दूध आणि कुस्करलेलं केळं घेऊन मी गेले, तर सावरून बसला आणि म्हणाला, ‘राहू द्या मॅडम, तुम्हाला कशाला त्रास.’ म्हटलं, ‘अरे दादा, मी आहे. मी सांगितलंय सगळ्यांना.’ त्याने दाराकडे बघितलं, माझ्या हातावर थोपटलं आणि कुजबुजला, ‘हळू बोला. कुणी ऐकलं तर तुमची नोकरी जाईल.’

स्वतःला तुम्हा दोघांची बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुमचीच,
धाकटी