तुम्ही कॉफी का पिता?

ठाकुर्ली, ५ ऑगस्ट २०२४

चि. क्षिप्रास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवतो. एम. ए.चा प्रकल्प विद्यार्थ्यांच्या कॉफीपानावर करतेस ते ठीक; पण प्रश्नावलीत चहाला ‘इतर’मध्ये ढकलतेस? ज्या पेयावर तुझ्या बापाचा आणि काकाचा पिंड पोसला, त्याची ही गत!

असो. माझ्या संस्कृतच्या वर्गाने भरलेले एकतीस फॉर्म दादाबरोबर पाठवतोय. सारांश असा, की थंड कॉफी फोटोसाठी घेतात आणि गरम परीक्षेसाठी. ‘तुम्ही कॉफी का पिता?’ याची उत्तरं आज वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. फार हशा पिकला. काकूने मेतकूट दिलंय, ते कॉफीत घालू नकोस.

तुझा,
बाळकाका

कोपरी, ठाणे, ११ ऑगस्ट

ती. बाळकाकांस शि. सा. न.

तक्रार मान्य, चहाला पुढच्या वेळी वेगळा रकाना. पण काका, वाचून दाखवलीत? ‘उत्तरं गुप्त राहतील’ असं वरतीच छापलंय की हो! आणि बत्तीस फॉर्म दिलेले, एकतीसच आलेत. राहिलेला कोरा असला तरी पाठवा, मॅडमना सगळे लागतात.

रागावू नका, लोभ थोडा वाढवाच.
क्षिप्रा

ठाकुर्ली, १६ ऑगस्ट

चि. क्षिप्रास अ. उ. आ.

बत्तिसावा फॉर्म कोरा नाही. माझ्या खणात आहे. त्यात लिहिलंय, ‘सकाळी कॅन्टीनची एक कॉफी घेते, साखर जास्त. मग दुपारपर्यंत भूक लागत नाही.’ मी तेही वाचलं, आणि वर पुस्ती जोडली, की पूर्वीचे ऋषी वायू भक्षण करत, आमच्या वर्गात कॉफीवर तप करणारी तपस्विनी आहे.

सगळे हसले. मानपाड्याची संचिता तेवढी वही मिटून खाली बघत बसली. फॉर्मवर नाव नव्हतं, पण वर्गाला कळलं. मला सर्वांत शेवटी, घरी फॉर्म बांधताना, अक्षर पाहून कळलं. तरीही तुला ते हसरं पत्र लिहिलं. अठ्ठावीस वर्षं मुलांना औचित्य शिकवतोय मी!

तुझी सूचनाही वाचली होती. कॉफीत कसलं आलंय गुपित, असं वाटलं.

तेव्हापासून ती वर्गात नाही. फोन उचलत नाही. घरी जाऊन माफी मागावी, तर पोर उपाशी कॉलेजला येते हे तिच्या आईला माझ्याकडून कळेल. आज अकरा दिवस झाले. तुझ्याकडे लोभ मागायलाही आज तोंड नाही. माझ्या एका विनोदापायी त्या मुलीचं शिक्षण सुटेल, अशी भीती वाटते गं.

बाळकाका