खाडीत सोडलेली फाईल

बोनकोडे
५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

गोजराबायला धाकट्या कमळीचा सा. न. वि. वि.

तुझ्याशी बोलायचं तरी कसं? तीन फोन केले. तिन्ही वेळा तुझ्या प्रणयने उचलला अन् स्पीकरवर टाकला. लेकाच्या देखत असलं विचारू काय? म्हणून कागद घेतला. माझी रुतिका नेरूळला कॉलेजात येते, तीच आणून देईल. सुनेच्या हाती देऊ नको म्हणून बजावलंय.

परवा गौरीला हळद-कुंकू तुझ्या सुनेने, संध्याने लावलं. तू पायरीवर वेगळं ताट घेऊन बसलीस. विचारलं तर म्हणालीस, बाजूला हाय. तेव्हा मी हसले. घरी आले अन् बोटांवर वर्षं मोजली. अगं, तुझं वय सत्तावन्न. सहा वर्षं झाली तुझं बंद होऊन. आता कसली बाजूला बसतेस? बायका म्हणत होत्या, गोजरा तरणी दिसाया लागली. तू खूश! मला तेच खटकतंय.

तेरा वर्षांमागे तुझ्या पोटातली डाव्या अंगाची गाठ काढली, तेव्हा पण असंच अंगावर जात होतं. ती फाईल शोध. रुतिकाच्या हाती पाठव. लोभ हाय तो राहू दे, पण आधी फाईल दे.

तुझी
कमळी


कारावे
७ सप्टेंबर, रविवार

चि. कमळीस गोजराचे अनेक आशीर्वाद.

किती ओरडतेस! कागदातून पण तुझा मासळी बाजारातला आवाज येतो. अगं, उष्णता हाय. तीन महिने झाले, थोडं थोडं जातं. पोट जड वाटतं, ते सणाच्या खाण्याने.

फाईल कुठची? विसरलीस? ऑपरेशनला पाच वर्षं भरली तेव्हा नारळी पुनवेला नारळाबरोबर खाडीत सोडली. आजाराचा कागद घरात ठेवू नये, हे तूच म्हणालीस. शेवटच्या तपासणीला मी आत साडी नेसत होते, डॉक्टरांशी तूच बोललीस. बाहेर येऊन म्हणालीस, पाच वर्षं झाली, सुटलीस, आता यायचं नाय. डॉक्टरांचा शब्द हाय तो. मग हे दुसरंच काहीतरी असणार. त्यात पितरांचा पंधरवडा लागला. नवरात्र झाल्यावर बघू.

मनात माया ठेव, आवाज कमी कर.

तुझी
गोजराबाय


बोनकोडे
९ सप्टेंबर, मंगळवार

गोजराबायला कमळीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. आज एकटीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्या माशाच्या गाबोळीत अंड्यांचे दाणे असतात ना, तशी बाईच्या अंडाशयात बीजं असतात. प्रत्येक बीजाभोवती बारीक पेशी. त्या बीजाला सांभाळतात, बाईपणाचा रस करतात. त्याच बिघडल्या की गाठ होते, अन् गाठ तो रस करतच राहते. म्हणून वय गेल्यावर पण अंगावर जातं. नाव रुतिकाने लिहून दिलं, ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. सावकाश वाढते. दहा काय, वीस वर्षांनी पण परत येते. तेच असेल असं नाय, म्हणाल्या, पण रक्त अन् सोनोग्राफी केल्याशिवाय कळणार नाय.

आता नीट वाच. डॉक्टर पाच वर्षं म्हणालेच नव्हते. जन्मभर दर वर्षी या, असं म्हणाले होते. मी खोटं बोलले. त्या दिवशी बाजारात माझी पापलेटं पडून होती, बर्फ वितळत होता, मला वैताग आला होता. तू विचारलंस, अजून किती येरझाऱ्या? माझ्या तोंडून निघून गेलं, संपल्या. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. मग खरं सांगायला तोंडच उरलं नाय. कोणी कागद वाचेल या भीतीने ती फाईल नारळाच्या पिशवीत मीच घातली. परवा ती मागितली ते सोंगच, तुला जुनं दुखणं आठवावं म्हणून; खरं लिहायचा धीर नव्हता. आठ वर्षं मी नारळी पुनवेला खाडीकडे नीट बघितलं नाय.

मला शिव्या दे. माझ्या दारात पाय ठेवू नको. पण माझ्या खोट्यावर विसंबून घरात बसू नको. शुक्रवारी सकाळी दहाचा तुझा नंबर डॉक्टरीणबाईंकडे लावलाय. मी त्या दिवशी बाजारात मासळीची पाटी लावणार नाय. पितर माझ्यावर रागावू देत.

गुरुवारी संध्याकाळी रुतिका तुझ्या पायरीवर येईल. येते की नाय, एवढंच तिच्या हाती लिहून दे. कोरा हात परत आला, तर शुक्रवारी उजाडताच मी तुझ्या दारात उभी राहून प्रणयसमोर सगळं बोलेन. माझ्या आवाजाला स्पीकर लागत नाय, तुला माहीत हाय.

माया मागायला तोंड नाय, म्हणून फक्त उत्तर मागते. गुरुवारपर्यंत.

कमळी