शेळी काढली, होडी म्हणाली

सान इसिद्रो,
२० डिसेंबर

प्रिय दोरो, पेर्ला आणि नोरियो,

तुम्हा सगळ्यांना आणि मुलांना आशीर्वाद. इथे पहाटेच्या प्रार्थना सुरू झाल्या आहेत. चर्चच्या दाराशी बिबिंका भाजायच्या चुली पेटतात आणि त्या तांदळाच्या केकच्या वासानेच अर्धा गाव उठतो. शेजारच्या तोमासने यंदाही कागदाचा तारा टांगताना शिडीवरून पडून दाखवलं. नानायची तब्येत ठीक आहे.

हे पत्र मी तुम्हा तिघांना लिहिते आहे, कारण तुम्ही तिघंही हसं होणं भोगलेली माणसं आहात. पेर्ला, मिलानमध्ये तू ज्या म्हातारीला सांभाळतेस, तिची सून पाहुण्यांसमोर तुझ्या बोलण्याची नक्कल करते. नोरियो, कॅनडात तुझ्या डब्यातल्या सुक्या मासळीवरून कामावरची माणसं नाकं दाबतात. दोरो, मॅनिलाच्या कचेरीत तुला अजूनही बेटावरचा म्हणून चिडवतात. तिघांनी वेगवेगळ्या वेळी फोन करून मलाच हे सांगितलं आहे. दात काढणाऱ्या घोळक्यासमोर एकट्याने उभं राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला शिकवायला नको. मग आपल्या आईला, नानायला, त्या घोळक्यासमोर तुम्ही का उभं केलंत?

तुम्ही मला मानांग म्हणता, थोरल्या बहिणीचा मान देता. तो मान आज वसूल करते आहे. कोळ्यांच्या सभांमध्ये मी परक्यांवर ओरडत आले. घरच्यांवर ओरडायची वेळ पहिल्यांदाच आली.

आठ तारखेला सगळं गोत अंगणात जमलं होतं. पान्सितच्या शेवयांच्या पराती रिकाम्या झाल्या आणि पोरांनी नेहमीसारखा गलका केला, “बिंगो, बिंगो.” नानायने बिस्किटांचा डबा उघडला. तिने हाताने रंगवलेले तेच चपटे शिंपले, होडी, तारा, शेळी, घंटा, कोंबडा. तेच कॅलेंडरच्या पाठीवर आखलेले चित्रांचे पुठ्ठे आणि चौकटींवर ठेवायला मक्याचे दाणे. काही पुकारे झाले, मग तिने शिंपला काढला, पुकारा केला, “होडी.”

दोरो, तू परदेशातल्यांना दाखवायला मोबाइल धरून तिच्या खांद्यामागे उभा होतास.

“नानाय, ही शेळी आहे. होडी कुठून काढलीस?”

“मी होडी म्हणाले. होडीवर दाणा ठेवा.”

“अगं, शिंपल्यावर शेळी आहे. हे बघा सगळ्यांनी.”

आपल्या लुसिंग मामीला राहवतंय होय? “शेळी होडीत बसून आली असेल रे,” ती म्हणाली आणि अंगण हसण्याने फुटलं. मग तू आधी निघालेला प्रत्येक शिंपलाही उचलून मोबाइलसमोर धरायला लागलास. घंटेचा तिने कोंबडा केला होता. ताऱ्याचा ससा केला होता, आणि ससा तर डब्यातच नाही. लोक पोटं धरून हसले. नानायने झाकण लावलं आणि म्हणाली, “चला, हात धुऊन घ्या, केळी तळल्यात.” हे मी पाहिलं. तू मोबाइलमध्ये पाहत होतास.

त्या चित्रफितीला तू वाजंत्री लावलीस आणि कुटुंबाच्या गटात टाकलीस. पेर्ला, तू खाली लिहिलंस, “आता हिला डॉक्टरकडे न्या.” नोरियो, तू सहा हसरी तोंडं पाठवलीस. तिथून ती मासळीबाजारात गेली, आणि बाजारातून शाळेत.

आता शाळेचं ऐका. तिथे तुमच्यापैकी कुणी नव्हतं.

ज्या दुसरीच्या वर्गाला नानायने आयुष्यभर शिकवलं, त्या वर्गाचा नाताळचा बिंगो ती निवृत्त झाल्यावरही पुकारत आली. यंदाही तिने निळा झगा इस्त्री केला, डबा मांडीवर घेतला आणि माझ्याबरोबर तिचाकी सायकलरिक्षातून गेली. मुख्याध्यापिका दारातच हसत आल्या. “मॅडम, या वर्षी तुम्ही नुसत्या बसा. आराम करा. आम्ही पडदा लावलाय, खेळ आपोआप होतो.”

नानायने विचारलं, “पडद्याला पोरांची नावं सांगितलीत का?”

बाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

तिला मानाच्या खुर्चीवर बसवलं. पडद्यावर बर्फाची बाहुली आली, लोकरीचे हातमोजे आले, धुराडं आलं. आपल्या पोरांनी यातलं एकही आयुष्यात पाहिलेलं नाही. “बाई, हे हातमोजे की खेकडा?” असं विचारत पोरं दाणे ठेवत होती. मोठं बक्षीस नानायने स्वतः आणून दिलं होतं, जाड निळी ताडपत्री. ती नगरसेवकाच्या मुलीने जिंकली. पोर बिचारी रडवेली झाली, तिला चॉकलेट हवं होतं. आज ती ताडपत्री तिच्या बापाच्या झुंजीच्या कोंबड्यांवर ताणलेली आहे. रस्त्यावरून दिसते.

दुसरीच्या वर्गाच्या बिंगोत ताडपत्री कोण ठेवतं, असं तुमच्या मनात आलं का? शेवटच्या बाकावर इसिंग नावाची मुलगी बसते. नोव्हेंबरच्या वादळात तिच्या घराचं छप्पर समुद्रात गेलं. आजी आणि ती प्रार्थनामंदिराच्या ओसरीत झोपतात. खेळ संपल्यावर तिने आपले मक्याचे दाणे गोळा करून खिशात टाकले. मी नानायच्या कानात ते सांगितलं. तिने फक्त विचारलं, “तिच्या पुठ्ठ्यावर काय होतं गं?”

आता दोरो, आठव. तू दुसरीत होतास, बोलताना अडखळायचास, आणि वहाणा तुटल्यावर मुलं चिडवतील म्हणून शाळेमागच्या बांबूत लपायचास. त्या नाताळात तू काळे बूट जिंकलास. घरी येईपर्यंत तू ते पायातून काढले नव्हतेस. ते तुला बरोबर बसले. बिंगोच्या बक्षिसाला नेमकं आपल्याच पायाचं माप कसं, हा प्रश्न इतक्या वर्षांत तुला एकदाही पडला नाही? पेर्ला, तुझं दप्तर उंदरांनी कुरतडलं त्या वर्षी बक्षीस दप्तरच होतं. नोरियो, तू तर कमालच केलीस. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला शहरात जायचं होतं, आणि आपल्या अंगणातल्या बिंगोत तू बोटीचं तिकीट जिंकलास. जगात कुठे बिंगोत बोटीचं तिकीट असतं?

तिने कधीच शिंपला पाहून पुकारा केलेला नाही. सगळे पुठ्ठे तिने आखलेले, स्वतःच्या हाताने वाटलेले. कुणाला कुठला दिला ते तिला ठाऊक असायचं. एका चौकटीला अडलेल्या पोराकडे पाहून ती ते चित्र पुकारायची, एवढंच.

मला हे ठाऊक आहे, कारण मी कधीच जिंकले नाही. बारा वर्षांची असताना मी तिच्याशी भांडले. “त्यांना द्यायचंच आहे तर सरळ हातात दे ना,” मी म्हणाले. ती भाजी चिरत होती. म्हणाली, “हातात दिलं की पोर मान खाली घालून घरी जातं. जिंकलं की उड्या मारत जातं.” “आणि मी?” “तुला मागता येतं, फेम्या. त्यांना येत नाही.” त्या दिवसापासून मी सगळ्यांसाठी मागतच आले आहे.

वर मी लिहिलं की नानायची तब्येत ठीक आहे. ती ठीक नाही. तिला सावल्यांपलीकडे काही दिसत नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही काम सोडून धावत याल म्हणून तिने माझ्याकडून शपथ घेतली होती. ती शपथ मी आज मोडली. पोरं आशीर्वादासाठी तिचा हात कपाळाला लावायला येतात तेव्हा ती त्यांना पुठ्ठा वाचून दाखवायला सांगते, आणि ते सगळं डोक्यात ठेवते. आठ तारखेला तू ज्याला वेड म्हणून जगाला दाखवलंस, दोरो, ते तिचं शहाणपण होतं. डब्यात नसलेला ससा कुठल्याशा पोराच्या पुठ्ठ्यावर होता, आणि ती होडी लुसिंग मामीच्या नातवासाठी होती. त्याचा बाप तीन महिन्यांपासून घरी आलेला नाही. बक्षीस होतं तांदळाचं पोतं. तू शेळीवर अडून बसलास आणि खेळ मोडला. ज्या बाईने सगळ्यांना हसवलं, तिच्याच घरचं पोतं गेलं.

परवा नानायने डबा फाटकाबाहेर कचऱ्यात ठेवला. मी तो आत आणून तांदळाच्या पिंपामागे लपवला आहे.

हे पत्र मी गटात टाकणार नाही. प्रत्येकाला वेगळं पाठवते आहे, म्हणजे एकमेकांआड लपता येणार नाही. माफीचे संदेश मला नकोत, डोळ्यांच्या डॉक्टरांची नावंही आज नकोत.

जानेवारीत, तीन राजांच्या सणाच्या रविवारी दुपारी मी इसिंगच्या सगळ्या वर्गाला अंगणात बोलावलं आहे. नवी ताडपत्री आणली आहे. दोरो, तू विमानाने ये. पेर्ला, नोरियो, तिथे कितीही वाजलेले असोत, फोनवर हजर राहा. तुमचे पुठ्ठे मी बाजूला काढून ठेवले आहेत. सर्वांच्या देखत नानायचा हात कपाळाला लावा, किंवा तिथून तिला हाक मारा, आपला पुठ्ठा तिला वाचून दाखवा, आणि म्हणा, “नानाय, पुकार.” मग ती जे म्हणेल त्यावर दाणा ठेवा, आणि मुकाट्याने हरा.

जिला कधीच बूट मिळाले नाहीत ती,
तुमची मानांग फेम्या