आसनक्षमता दोन

मृत्युपत्र लिहून देणार: नानाजी संपतराव गोटे, वय ६५ वर्षे, वाशीमच्या न्यायालयातील नक्कल विभागातून निवृत्त, राहणार इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम.

कारणे लिहून देतो की, आज मी पूर्ण शुद्धीवर आहे. कोणी दबाव आणलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही, नशापाणी केलेले नाही. सकाळपासून दोन कप चहा झाला, तोही बिनसाखरेचा. येत्या गुरुवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही कारण नाही. डॉक्टर असे म्हणू लागले म्हणजे माणसाने कागद करून ठेवावा, एवढे मी नोकरीत शिकलो.

एकतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांच्या नकला उतरवल्या. त्यात एक गोष्ट नेहमी पाहिली. माणूस घर, शेत दोन ओळींत वाटून मोकळा होतो आणि जे खरे सांगायचे असते ते दोन पाने पुढे, कुठल्या तरी भलत्याच कलमात सांगतो. माझेही तसेच होणार आहे. वाचणाऱ्याने थोडा धीर धरावा.

कलम १. इंझोरीतील राहते घर, घरामागची मोकळी जागा आणि अडाण नदीच्या बाजूचे चार एकर शेत माझी पत्नी सौ. तुळसाबाई हिचे. ती असेपर्यंत त्यात कोणी बोट घालू नये. तिच्यानंतर मुलगा ऋषिकेश आणि मुलगी राखी यांनी निम्मेनिम्मे करावे. बांधावरची दोन आंब्याची झाडे मात्र तोडू नयेत. ती तिने लावली आहेत, मी फक्त शेजाऱ्यांना मी लावली असे सांगत आलो.

कलम २. माझा धाकटा भाऊ विनोद याने राखीच्या लग्नात, भर पंगतीत, मला ‘उंटावरचा शहाणा’ म्हटले. माझी मोटारसायकल उंच आहे, गावाने तिचे नाव ‘उंट’ पाडले, इथवर मला मान्य. पण पंगत माझी, जिलबी माझी आणि हसे पण माझेच? तीन वर्षे मी त्याच्याशी नीट बोललो नाही. विनोदला मी काही देत नाही. फक्त त्याच्यावरचा राग परत घेतो, कारण तो खरे बोलला होता. कसे, ते पुढे कळेल.

कलम ३. पान्यांचा संच, पंक्चरचा डबा आणि हवा भरायचा पायपंप शेलूबाजारच्या एजाजला द्यावा. आता बापाचे गॅरेज तोच सांभाळतो. त्याचा बाप उस्मान माझा बावीस वर्षांचा मित्र, पण त्याला काही ठेवत नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये, हा सल्ला मी जन्मभर लोकांना फुकट दिला. माझे हेल्मेट कोणाला देऊ नये. त्याला आतून वास येतो.

कलम ४. आता उंटाचे.

जून २०१८ मध्ये मी निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात ही ॲडव्हेंचर मोटारसायकल घेतली. उंच चाके, खडकाळ वाटेवरही न अडणारी. नोकरीभर माझ्या टेबलाशी माणसे येऊन मानेवर उभी राहिली. “साहेब, नक्कल कधी?” मला आठवड्यातून एक दिवस असा पाहिजे होता की पाठीशी कोणी नाही. सकाळी निघायचे, एखादे धरण, एखादा घाट पाहायचा, झाडाखाली डबा खायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी. यात काही पाप नाही. पाप पुढे आहे.

अकोल्याहून नवी गाडी घेऊन येताना मी घरी येण्याआधी शेलूबाजारला उस्मानच्या गॅरेजवर थांबलो. तिथे गाडीची मागची सीट काढून घेतली आणि त्या जागी सामान बांधायची लोखंडी जाळी बसवली. सीट त्याच्याकडेच माळ्यावर टाकली. उस्मानने विचारले, “भाभी कुठी बसतीन?” मी म्हटले, “तू तुझं काम कर.”

घरी तुळसाबाई आरतीचे ताट घेऊन दारात उभी होती. तिने गाडीला हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “अवं, मंग मी कुठी बसू?”

मी सांगितले की या जातीच्या गाड्यांना कंपनीकडूनच एक सीट येते. लांब पल्ल्याच्या गाड्या अशाच असतात. ती म्हणाली, “बरं.” तिचे ते ‘बरं’ मी नुसते ‘बरं’ समजलो. जन्मभर दुसऱ्यांचे जबाब वाचले आणि घरातला एका शब्दाचा जबाब मला वाचता आला नाही.

त्याआधी ती कधीतरी लोणारचे सरोवर पाहायचे म्हणाली होती. म्हणून मी तिला दोनदा जीप भाड्याने करून लोणारला नेले आणि मनाशी म्हटले, झाले, फिटले.

कलम ५. जबाब दुरुस्ती.

सहलीहून आलो की ती विचारायची, “कसं होतं?” तिला यावेसे वाटू नये म्हणून मी पाहिलेली प्रत्येक चांगली जागा घरी येऊन घाण करून सांगितली. हे सीट काढण्याहून वाईट, असे मला आता वाटते. पुढील जबाब मी स्वतःहून दुरुस्त करतो.

अडाण धरण, जानेवारी २०१९. मी सांगितले, “नुसता चिखल.” खोटे. पाण्यावर भगव्या रंगाची बदके उतरली होती, शेकड्याने. त्यांचे नाव मला येत नाही. ती एकदम उठली तेव्हा मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

सोहोळचे काळविटाचे रान, त्याच वर्षीची दिवाळी. मी सांगितले, “कुत्री लागली मागे, काळवीट कुठले?” खोटे. एक काळा नर वाटेच्या मधोमध उभा राहिला. मी गाडी बंद केली. तो माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. शेजारी कोणाला तरी कोपराने ढोसून “बघ, बघ” म्हणावेसे वाटले. शेजारी कोणी नव्हते, ती तजवीज मीच केली होती.

पातूरचा घाट, मार्च २०२१. मी सांगितले, “ट्रकांचा धूर, डोळे चुरचुरले.” खोटे. दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. मी उतरून एक फांदी तोडली, तिच्यासाठीच तोडली, जाळीवरच्या पेटीत ठेवली आणि मानोऱ्याच्या पुढे आल्यावर फेकून दिली. फुले पाहून तिने पुढचा प्रश्न विचारला असता.

अशा अजून पुष्कळ आहेत. माझ्या सहलीच्या निळ्या वहीत तारखा आणि जागा आहेत. तिच्यात जिथे ‘ठीक’ लिहिले आहे तिथे ‘फार सुंदर’ वाचावे.

कलम ६. मी काय समजत होतो आणि काय होते.

मृत्युपत्राला मालमत्तेची यादी जोडावी लागते. यादीत मोटारसायकल आली की तिची सीट आली. म्हणून गेल्या मंगळवारी मी शेलूबाजारला गेलो आणि उस्मानला म्हटले, ती माळ्यावरची सीट काढ. सात वर्षांत तिची उंदरांनी चाळण केली असेल, अशी माझी अटकळ होती.

उस्मानने सीट खाली आणली. ती एका हिरव्या, बारीक काठाच्या लुगड्यात गुंडाळलेली होती. ते लुगडे मी ओळखले. राखीच्या बारशाला तुळसाबाईला माहेरून आलेले.

मी खाली स्टुलावर बसलो. “हे इथं कसं आलं?”

उस्मान म्हणाला, “भाभी आल्त्या. तुमी गाडी घेतली त्याच सालच्या दसऱ्याले.”

हकिकत अशी. गाडीच्या नोंदणीचे कार्ड टपालाने आले, तेव्हा मी कुठेतरी धरणावर होतो. कार्ड तिने सही करून घेतले. दसऱ्याला वाहनाच्या पूजेत ठेवावे म्हणून पुसायला घेतले, तेव्हा तिला त्यावर ‘२’ हा आकडा दिसला. बाजूची इंग्रजी अक्षरे तिने एकेक जुळवली, पण अर्थ लागेना. ती मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते सांगून काळीपिवळीने उस्मानकडे गेली आणि कार्ड पुढे करून विचारले, “भाऊ, हे दोन कायचं व्हय?”

“मी काय करू, नानाभाऊ?” उस्मान म्हणाला. “सरकारी कागद. त्याच्यावर बसायची जागा दोन लिवलेली. खोटं कसं बोलू? सीट दाखोली. तं त्यायनं हात फिरोला तिच्यावर, अन् म्हणाल्या, उंदरं कुरतडतीन. पुढच्या डावाले लुगडं घेऊन आल्या.”

एकतीस वर्षे कागदांत घालवलेल्या माणसाला एका कागदाने पकडले, आणि पकडले ते सातवी शिकलेल्या बाईने. मी ते कार्ड सात वर्षे खिशात घेऊन हिंडलो, एकदाही नीट वाचले नाही.

मी उस्मानला म्हटले, “तू मला सांगितलं काहून नाही?”

“त्यायनं शपथ घातली. म्हणे, ते सोताहून म्हणतीन तवा मी बसीन.” मग तो उठला, हात पुसले, पुन्हा बसला. “आता सांगूनच टाकतो. यंदा उन्हाळ्यात तुमी गाडी सर्व्हिसिंगले ठेवली होती ना? त्या दिवशी भाभी आल्या. म्हणे, भाऊ, लाव बरं एक डाव, मी बसून पाह्यतो. मी लावली. स्टूल देल्लं. एजाजची माय हात धराले आली. पण पाय काही वर उचल्लाच नाही, नानाभाऊ. गुडघे गेले त्यायचे. दोन डाव पाह्यलं. मंग हासल्या अन् म्हणाल्या, ठेव बापा परत.”

मी विचारले, अजून काही म्हणाली का?

“म्हणाल्या, त्यायले सांगू नको. गाडी चालोताना डोक्यात राहीन, अन् पडतीन कुठी.”

उस्मानच्या या जबाबात मी एक अक्षर बदललेले नाही. मी दोषी आहे. तिचे गुडघे चांगले होते तेव्हा सीट माळ्यावर होती. आता सीट आहे आणि गुडघे नाहीत. याला दुरुस्ती नाही, अपील नाही.

कलम ७. मोटारसायकल मुलगा ऋषिकेश याची. तो म्हणत असे, “बाबा, या वयात शोभत नाही.” त्याला शोभेल अशी आशा आहे. अट एकच. त्याने नवी मागची सीट घेऊन आधी ती बसवावी, मग किल्ली हातात घ्यावी. मागची सीट काढण्याचा अधिकार त्याला नाही. सूनबाई वर्षाराणी हिला यायचे नसेल तर ते तिने सांगावे, त्याने तिच्या वतीने ठरवू नये. आणि घरी आल्यावर जे पाहिले ते खरे सांगावे.

कलम ८. जुनी मागची सीट, हिरव्या लुगड्यासह, तुळसाबाईची.

हे कलम मी चार दिवस आधी लिहून ठेवले आणि त्यावर सुटलो असे मानले. पण मला कायदा माहीत आहे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर अमलात येते. म्हणजे माफी मी मागायची आणि शिव्या खायला मी हजर नसायचे. तोंडाने बोलायची हिंमत नाही म्हणून कागदाआड लपलेले पुष्कळ लोक मी नक्कल विभागात पाहिले आणि त्यांना मनातल्या मनात हसलो. तेव्हा कलम चार, पाच, सहा आणि आठ आजपासून, मी जिवंत असताना, अमलात आहेत, असे मी ठरवतो.

त्याप्रमाणे आज दुपारी, साक्षीदार यायच्या आधी, मी तुळसाबाईला ओसरीवर बोलावले आणि हा कागद सुरुवातीपासून इथवर वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. पळसाच्या फांदीपाशी तिचा हात थांबला, बाकी वेळ निवडणे चालू होते. वाचून झाल्यावर मी म्हणालो, “मी तुला गाडीवर लोणार दाखवायला पाहिजे होतं. माझं चुकलं.”

ती म्हणाली, “लोणार मले कायले पाह्यचं होतं? खड्डा तं खड्डा. मले तुमच्या मांगं बसाचं होतं.”



मग ती म्हणाली, “आणली का ती सीट?” मी खोलीतून आणून दिली. तिने लुगडे सोडले, घडी घातली, सीट ओसरीच्या वरच्या पायरीवर ठेवायला लावली आणि तिच्यावर बसली. मला म्हणाली, “तुमी खाली बसा. पुढं. पुढं तोंड करून.”

एवढ्यात साक्षीदार आले. मी उठू लागलो तर ती म्हणाली, “बसा. इथूनच करा सही.”

शेवटचा खुलासा. वाचनानंतरचा हा मजकूर मी पायरीवरच बसून लिहिला. माझी खालील सही हललेली आहे. पुढे कोणी तीवरून प्रकृती अस्वस्थ होती किंवा मन ठिकाणावर नव्हते, असा अर्थ काढू नये. सही करते वेळी मी खालच्या पायरीवर होतो, माझी पत्नी माझ्या पाठीमागे बसलेली होती आणि तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

सही: नानाजी संपतराव गोटे

आमच्यासमक्ष सही केली. हाताबद्दल वर लिहिले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

साक्षीदार:
१. शेख उस्मान शेख रहीम, राहणार शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर
२. प्रेमसिंग हरसिंग राठोड, राहणार इंझोरी

ठिकाण: घराची ओसरी, इंझोरी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार