खुराकाचं विचारलं म्हणून

आबा, मागच्या आठवड्यात मी एका मोठ्या माणसाला नाराज करून परत पाठवलं आणि त्यातला अर्धा दोष तुमचा आहे. तुम्हाला जाऊन इतके हिवाळे झाले, तरी तुमची जीभ माझ्या तोंडात शिल्लक आहे असं आई म्हणते. मी आता एडमंटनच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावर पोरांना फुटबॉल शिकवतो. तोच, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत ‘हातानं खेळायचा फुटबॉल’ म्हणालात. यंदा माझ्याकडे एक क्वार्टरबॅक आहे, पंजाबी टॅक्सीवाल्याचा मुलगा, बारावीतला. सगळा खेळ ज्याच्या हातातून सुरू होतो, तो हा गडी. बर्फात बोटं बधिर झालेली असतानाही हा चेंडू नेमका जिथे हवा तिथे टाकतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा माणूस त्याला बघायला विमानानं आला होता. इकडच्या पोराला तिकडे क्वार्टरबॅक म्हणून सहसा कोणी उभं करत नाही. घेतलंच तर दुसऱ्या जागी पळायला लावतात. अशी संधी किती दुर्मिळ असते हे तुम्हाला काय सांगायचं? माझी एक तुम्हीच घालवली होतीत.

तो शनिवार मला अजून लख्ख दिसतो. मैदानाच्या कडेला फावड्यानं लोटलेल्या बर्फाचे ढीग आहेत, आई थर्मासमधला चहा वाटतेय, आणि तुम्ही ऑफिसच्या जाड जॅकेटवर मफलर गुंडाळून, सांगलीकडच्या जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात बसावं तसे, मांड्यांवर हात ठेवून बसला आहात. शेवटच्या मिनिटाला माझा पास पोचतो आणि आम्ही जिंकतो. अमेरिकेहून मला बघायला आलेला कोच खाली कडेलाच उभा आहे. तेवढ्यात तुम्ही स्टँडवरून उतरून थेट मैदानात येता, माझ्या पाठीत एक धपाटा घालून ‘शाब्बास रं वाघा’ म्हणता आणि वीस डॉलरची नोट माझ्या हातात कोंबता. एवढ्यावर थांबला असतात तरी निभावलं असतं. पण तुम्ही पुढे गेलात, गुडघ्यात डोकं घालून बसलेल्या समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकला उठवलंत आणि त्यालाही नोट दिलीत. पडलेल्या पैलवानालाही लोक देतात, कारण घाम दोघांनी गाळलेला असतो, हे मला ठाऊक होतं. त्या पोराला काय ठाऊक? तो नोटेकडे आणि तुमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. आमचे कोच धावत आले. ‘सर, सर, यू कान्ट डू दॅट! दे आर अमॅच्युअर्स!’ म्हणजे हौशी खेळाडू, पैशाला शिवायचंसुद्धा नाही. तुम्ही हसून म्हणालात, ‘येस, येस. व्हेरी गुड अमॅच्युअर्स. नेक्स्ट टाइम मोअर.’ मला त्या बर्फाच्या ढिगात शिरून बसावंसं वाटलं.

अमेरिकन कोचचा निरोप दोन दिवसांनी आला. मुलगा पसंत आहे, पण त्यांच्याकडे खेळाडूला कुणी रोख पैसे देणं हा फार मोठा गुन्हा, आणि मैदानात उतरून नोटा वाटणारा बाप त्यांना परवडणार नाही. वडिलांनी फोनवर एवढंच म्हणावं, की हा गैरसमज होता, पुन्हा होणार नाही. एवढंच. मी तुम्हाला वाक्यसुद्धा पाठ करून दिलं होतं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, मी तुमच्या शेजारी उभा होतो, आणि तुम्ही रिसीव्हर कानाला लावून विचारलंत, ‘सर, यू आर सेलिंग तिकीट? यू आर गेटिंग सॅलरी? टीव्ही पीपल आर गिव्हिंग मनी? देन बॉय इज गेटिंग व्हॉट?’ पलीकडून शिक्षण, राहणं, जेवण असं काहीतरी सांगितलं गेलं असणार. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘माय व्हिलेज इज पुअर, सर. बट व्हिलेज गेव्ह मी मिल्क, आमंड, एव्हरीथिंग. नो मिसअंडरस्टँडिंग. आय अ‍ॅम नॉट सॉरी.’ आईचा हात भाकरीवर तसाच थांबला. फोन ठेवून तुम्ही माझ्याकडे वळलात. ‘तालमीतल्या पोराला खुराक नको व्हय? मग त्यात लाजायचं काय?’ मी जिना चढून वर गेलो. पुढचे कित्येक महिने तुमच्याशी कामापुरतंच बोललो. तिकडून पुन्हा कोणी फोन केला नाही.

मग मी इथल्याच, दुसऱ्या प्रांतातल्या एका विद्यापीठात खेळलो. फी माफ होती, तेवढ्यावर मी खूश होतो. माझा फोटो तिकिटावर छापायचे आणि मी ग्रोसरीच्या दुकानात पोती उचलायचो. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या मोसमात माझा गुडघा गेला, आणि गुडघ्याबरोबर फीमाफीही. कुणी वाईट वागलं नाही बरं का, सगळे अगदी गोड बोलत होते. उरलेल्या वर्षाची फी आईनं तुमच्या पैशातून भरली. ती भरताना तिनं तुमच्या त्या फोनचा विषय काढला नाही, ही तिची माणुसकी. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा तुमचा तो फोन शब्दन् शब्द ऐकू आला.

तर मागच्या आठवड्यात तो माणूस माझ्या खोलीत बसला होता. कोट झकास, हसणं त्याहून झकास. पोरगा खुर्चीच्या टोकावर, आणि शेजारी त्याची आई, कामावरून थेट आलेली. तिला इंग्रजी कळतं, पण मोठ्या माणसासमोर बोलायचा धीर होत नाही, म्हणून दुभाष्या मी. त्यानं स्टेडियमचे फोटो दाखवले. ती नीट बघून म्हणाली, ‘सर जी, इनसे पूछो, इतने लोग टिकट लेके आते हैं, तो बच्चे को क्या मिलेगा?’ पोरगा कळवळला. ‘मॉम, प्लीज, डोन्ट.’ त्याचा तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. तिचं म्हणणं गुळगुळीत करून सांगणं सोपं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, ‘अ वर्ल्ड-क्लास एज्युकेशन, मॅम.’ ‘पढ़ाई तो अच्छी बात है. और कंधा टूट गया तो? पढ़ाई रहेगी?’ तो म्हणाला, वी टेक केअर ऑफ अवर किड्स. ती म्हणाली, ‘लिख के देंगे?’ मी तेही सांगितलं. त्याचं हसणं जरा आवरलं. स्कॉलरशिप दर वर्षी नव्यानं ठरते, ही पद्धतच आहे, असं तो म्हणाला. इथपर्यंत मी नुसता दुभाष्या होतो. पुढचं मात्र माझं. मी म्हणालो, पद्धत चुकीची आहे. तुमच्या दुकानात पोरांच्या नंबरचे शर्ट विकले जातात, आणि ज्याच्या पाठीवर तो नंबर आहे त्यानं पिझ्झ्याला पैसे मागितले तर तो गुन्हेगार. मी या पोराला तयार केलंय. त्याचा खांदा गेला तर काय, हे विचारायचा त्याच्या आईला हक्क आहे. त्यानं घड्याळ बघितलं, माझ्याशी हात मिळवला आणि ‘आय विल बी इन टच’ म्हणून गेला. बाई निघताना नुसतं ‘ठीक किया, सर जी’ म्हणाली. पोरगा माझ्याकडे न बघता जॅकेटची चेन लावत राहिला.

म्हणजे तेव्हा मी तुमच्याबद्दल म्हणायचो तसंच आता सगळे माझ्याबद्दल म्हणतील, की मास्तरानं पोराचं नशीब घालवलं. म्हणू देत. मी शब्द मागे घेणार नाही. आमच्या प्रिन्सिपलनं सुचवलं, एक फोन करून वातावरण हलकं करा, आणि मी नाही म्हणालो. कुणाच्या बापाला घाबरत नाही मी, आणि तुम्हालाही नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून एवढं मोकळं लिहितोय.

फक्त एक आहे. आज प्रॅक्टिस संपल्यावर पोरगा दारात येऊन उभा राहिला. ‘कोच, डिड ही कॉल?’ मी म्हटलं, नॉट येट. तो गेला, आणि मला त्या फोननंतरचा तुमचा डिसेंबर आठवला. ऑफिसातून आलात की अंगावरचं जॅकेट आणि बर्फानं माखलेले बूट तसेच ठेवून तुम्ही आधी आन्सरिंग मशीनच्या लाल दिव्याकडे बघायचात. लुकलुकत नसला, म्हणजे कुणाचा निरोप नसला, की मग बसून बूट काढायला लागायचात, सावकाश. मी जिन्यावरून बघायचो आणि मनात म्हणायचो, या माणसाला कशाचंच काही वाटत नाही. आबा, मी बरोबरच बोललो. पण सकाळपासून फोन हातातून खाली ठेवलेला नाही.