रेडिओ की कॅरियर

पनवेल, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९६४

दादाने नाव नोंदवलेल्या गाडीचा नंबर शेवटी लागला, दादा वारून आठ महिने झाल्यावर. आज मुंबईला शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या माणसाने जादा सामानाची यादी पुढे ठेवली. सीटची कव्हरं, रेडिओ, टपावरचा कॅरियर. आम्हाला एकच झेपणार होतं. मी रेडिओ सांगून आलो. पाच वर्षं वाट पाहताना दादा सारखा म्हणायचा, गाडीत रेडिओ हवाच.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "रेडिओ कोनाला? आयकनारा गेला. कॅरियर घ्या, भाऊजी. कोळीवाड्यातल्या बायांच्या टोपल्या बाजारापातूर जातील."

मी म्हटलं, खारं पाणी गळून टपाचा रंग जाईल.

"जाऊ दे. आपली चूल बंद होती तवा बारा दिस भाकऱ्या कोनी आनल्या?"

हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? कोळीवाड्यातली हिराबाई तर मासळीचा धंदा बुडवून यायची, भाकऱ्या ठेवायची आणि एक शब्द न बोलता जायची. तिचे आभार मानायचंही मला सुचलं नाही. रेडिओ मात्र बरोबर आठवला.

उद्या शोरूमला पत्र टाकतो, रेडिओ नको, कॅरियर बसवा. दादा असता तर रंगासाठी थोडा कुरकुरला असता, आणि हिराबाईची टोपली त्यानेच वर चढवली असती.